पंपाचा आवाज

गुरुवारी दिशा लॅबमधून घरी आली तेव्हा गाडीची मागची सीट विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवलेली होती आणि सासरे मागच्या दारातून अर्धे आत, अर्धे बाहेर असे ओणवे झाले होते. चपला बाहेर गळून पडलेल्या, पायांना चिकूची वाळकी पानं चिकटलेली. आठ महिने ही गाडी चिकूच्या झाडाखालून हलली नव्हती. वरची निळी ताडपत्री आज काढून दोरीवर टाकली होती, आणि खालची वीस-बावीस वर्षांची पांढरी गाडी, धुळीचा थर सोडला तर, अजून चांगली टणक दिसत होती.

"पपा, काय झालं गाडीला?" दिशाने विचारलं.

उत्तर आलं नाही. दिशाने खांद्यावरची पर्स सावरली आणि ती घरात निघाली. दोन वर्षांत तिला याची सवय झाली होती.

सासऱ्यांनी, म्हणजे क्लेमेंटनी, पापडीच्या नाक्यावर पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं होतं. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत त्यांचं नाव होतं ते हातापेक्षा कानासाठी. गाडी गॅरेजकडे वळायच्या आतच ते म्हणायचे, याचा पट्टा गेलाय, त्याची बेअरिंग बोलतेय. बॉनेट उघडून बघावं तर तसंच निघायचं. वय झालं, गॅरेज दुसऱ्याला दिलं, आणि तीन वर्षांपूर्वी बायको इनेझ गेली. त्यानंतर वर्षभराने मुलाने, रायनने, नालासोपाऱ्याच्या दिशाशी रजिस्टर लग्न केलं आणि चार महिन्यांत तो जहाजावर रुजू झाला. सहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. भुईगावच्या त्या घरात, केळी आणि चिकूच्या वाडीच्या मधोमध, उरली दोन माणसं, आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती.

म्हणजे दिशाने सुरुवातीला प्रयत्न केला होता. जेवताना लॅबमधल्या गमती सांगितल्या, भाजी कुठली आणू म्हणून विचारलं, चर्चला बरोबर येऊ का म्हणूनही विचारलं. पपा ताटाकडे बघत राहायचे. कधी मान हलवायचे, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळायचं नाही. कधी भलतंच काहीतरी बोलायचे. एकदा तिने विचारलं, "ताप आलाय का तुम्हाला?" तर म्हणाले, "जॅक्सनकडे ठेवलाय." ती रात्रभर त्याचा अर्थ लावत बसली होती.

तिचा आवाज मुळात बारीक. नालासोपाऱ्यात एका खोलीत तिचं लहानपण गेलं. वडील जयवंतराव कारखान्यात कायम रात्रपाळीला, दिवसा झोपलेले. आई दोघी मुलींना डोळ्यांनी दटावायची. बादली भरायची तर नळाखाली फडकं धरायचं, म्हणजे पाण्याचा आवाज होत नाही. त्या घरात मोठ्याने बोलणं हा गुन्हा होता, आणि ती सवय दिशाच्या गळ्यात कायमची बसली. पुढे लॅबमध्ये टेक्निशियन झाली तिथेही ती उपयोगाला आली. सुईला घाबरणारी माणसं तिच्या हळू बोलण्याने शांत व्हायची.

पण शेजारचा जॅक्सन आला की पपा खुलायचे. जॅक्सन बोलायला लागला की बावखलाच्या तळ्यापलीकडच्या म्हशीही मान वर करून बघत, असा त्याचा आवाज. दोघं ओट्यावर बसून घरच्या बोलीत गप्पा छाटायचे, हसायचे. दिशाला ती बोली अर्धीमुर्धी कळायची. दाराआडून ती ऐकायची आणि तिच्या मनाने एकच निष्कर्ष काढला होता: माणूस मुका नाही, त्याला आपल्याशीच बोलायचं नाही. जातीची नाही, धर्माची नाही, इनेझने निवडलेली नाही. रागावत नाहीत, हेच उपकार. म्हणून दोन वर्षांत तिने आईवडिलांना एकदाही या घरी बोलावलं नव्हतं. दरवेळी काहीतरी सबब. जावई जहाजावर आहे, पपांना बरं नाही, वाडीत औषध मारलंय. मुलीला घरात कोणी विचारत नाही हे त्यांना दिसावं, हे तिला नको होतं.

आणि सोमवारी रायनचा मेसेज आला होता. पपांनी त्याला लिहिलेलं त्याने तसंच्या तसं पुढे पाठवलं होतं: "रविवारी चर्चमध्ये मम्मीच्या नावाची मिस्सा आहे. दिशाच्या आईवडिलांना जेवायला बोलाव. जयवंतरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना गाडी घेऊन मी आणायला जातो. व्याही पहिल्यांदा घरी येणार, ते रिक्षाने येणार नाहीत."

दिशाने तो मेसेज चारदा वाचला. बाबांच्या गुडघ्याचं रायनकडूनच त्यांना कळलं असणार. पण हे सगळं मला का नाही सांगितलं? मी एका भिंतीपलीकडे असते.

ती पायरीशी पोचली तोच मागून, कधी नव्हे ती, हाक आली.

"दिशा! आलीस का, बाय? जरा बस पुढे. चावी ऑन कर. सेल्फ मारू नको, नुसती ऑन कर."

ती परत फिरली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मागे वळून बघितलं तर पपांनी सीटखालच्या पत्र्याचं झाकण काढलं होतं आणि पेट्रोलच्या टाकीच्या तोंडाशी कान नेला होता.

"टाकीत पंप असतो," ते खाली बघत म्हणाले. "चावी फिरवली की दोन सेकंद घूं करतो आणि गप्प होतो. तेवढ्यात पुढे पेट्रोल पोचतं. फिरव."

दिशाने चावी फिरवली. मागून स्पष्ट आवाज आला, काडेपेटीत भुंगा कोंडल्यासारखा. दोन सेकंद. मग बंद.

"आला," ती म्हणाली.

"पुन्हा."

पुन्हा चावी, पुन्हा भुंगा.

"आला की आवाज, पपा."

पपांनी डोकं वर काढलं, रुमालाने कपाळ पुसलं. "मेला," ते म्हणाले. "पंप मेला. आठ महिने उभी राहिली गाडी, जाम झाला असणार. बॅटरी चार्ज करून आणली, इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, तेव्हाच मला वाटलं होतं. गॅरेजच्या अल्पेशला फोन… नको, मेसेज टाकतो. शनिवारी नवीन पंप घेऊन येईल."

दिशाची कानशिलं तापली. म्हणजे इथेही माझ्या शब्दाला किंमत नाही. मी ऐकलं, दोनदा सांगितलं, आणि हा माणूस माझ्या तोंडावर म्हणतो की मेला. ती गाडीतून उतरली. पपा पाठमोरे होऊन टाकीवरचं झाकण बसवत होते. ती त्यांच्या मागे, हातभर अंतरावर उभी राहिली आणि रोजच्यापेक्षा जरा जोर लावून म्हणाली, "पपा, पंप चालू आहे. मी ऐकलाय."

त्यांचा खांदासुद्धा हलला नाही.

न ऐकल्याचं सोंग करणाऱ्या माणसाची पाठ वेगळी असते. ती ताठरते. ही पाठ तशी नव्हती. ती आपल्या कामात होती, स्क्रू एकेक करून बसवत होती. दिशा तशीच उभी राहिली. मग तिने हातातली गाडीची चावी कठड्यावरच्या स्टीलच्या तांब्यावर वाजवली. टण्ण. चिकूवरचा कावळा उडाला. पपांनी दुसरा स्क्रू लावायला घेतला.

तिने पुन्हा वाजवली. टण्ण, टण्ण.

तेवढ्यात कुंपणाजवळून जॅक्सन गरजला, "क्लेमेंट! काय म्हणते गाडी?" आणि पपा वळले. वळताच मागे उभी असलेली दिशा दिसली आणि ते दचकले. "तू इथेच आहेस होय?" म्हणाले आणि हसले, अगदी ओशाळे.

दिशा घरात आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. दोन वर्षं तिच्या डोळ्यांसमोरून उलटी फिरू लागली. दारावरची बेल वाजत राहायची आणि पपा शेजारच्या खोलीत पेपर वाचत असायचे. फोन कधीच उचलायचे नाहीत, मेसेज मात्र टाकायचे. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचे. घरात टीव्ही होता, पण ती घरात असताना ते लावत नसत. तिने मानलं होतं की तिच्याबरोबर बसायला नको म्हणून. आवाज फार मोठा ठेवावा लागतो म्हणूनही असेल. आणि ताप. तिने ताप विचारला होता, त्यांना कुठल्यातरी वस्तूचं नाव ऐकू आलं होतं.

तिने रायनला मेसेज केला: "पपांना ऐकू कमी येतं का?" तासाभराने उत्तर आलं: "पपांना? वेडी आहेस का? गल्लीच्या तोंडाशी गाडीच्या टॅपेटची खडखड ओळखतात ते." पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. दिशाने आणखी काही लिहिलं नाही. लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवलं होतं, पेशंटच्या रिपोर्टबद्दल आधी पेशंट सोडून कुणाशी बोलायचं नाही.

पण पेशंटशी बोलायचं तरी कसं? ज्याच्या कानाला अर्धी वसई सलाम करायची, त्याला सांगायचं की पपा, तुमचा कान गेलाय? आणि नाही सांगितलं तर शनिवारी अल्पेश येणार, टाकी उघडणार, चांगला पंप काढून नवा बसवणार, आणि गाडी तरीही सुरू होणार नाही. अल्पेशसमोर, जॅक्सनसमोर. रविवारी संध्याकाळपर्यंत ते सगळ्या भुईगावाला कळलं असतं.

शुक्रवारी ती पाळी बदलून घेऊन दुपारीच घरी आली. पपा ओट्यावर बसून सुरीने केळीचा कोका, म्हणजे केळफूल, सोलत होते. दिशा त्यांच्या अगदी समोर, उजेडात बसली. त्यांनी वर बघेपर्यंत थांबली. मग शब्द सुटे करून म्हणाली:

"पपा, पंप बघायची दुसरी रीत असते का? कानाने नाही. हाताने."

पपांनी तिच्या ओठांकडे बघितलं. हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं, की ते डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघतात.

"असते ना," ते म्हणाले, आणि त्यांच्यातला मेकॅनिक लगेच उठून बसला. "पुढे इंजिनाजवळ रबरी पाइप असतो. बोटांत धरायचा. चावी फिरवली आणि पंप चांगला असला की पाइप टणक होतो, बोटाला ठोका लागतो. गॅरेजमध्ये पोरांना मी तसंच शिकवायचो. कान सगळ्यांना नसतो."

"मग तसं बघू या का? शनिवारच्या आधी?"

"कशाला? मेलाय तो."

"मला शिकायचंय."

यावर त्यांना नाही म्हणता येईना. सुरी ठेवून ते उठले. बॉनेट उघडून काठी लावली. पाइप कुठून येतो, कुठे जातो ते बोटाने दाखवलं. मग स्वतःच दोन बोटांत तो धरला आणि म्हणाले, "चावी ऑन."

दिशाने चावी फिरवली. मागे भुंगा घुमला.

खिडकीतून मान बाहेर काढून तिने बघितलं, तर बॉनेटच्या बाजूने पपांचा चेहरा दिसत होता. तो एकदम स्थिर झाला. हात पाइपवर होता, डोळे कुठेच नव्हते.

"बंद कर," ते म्हणाले. "पुन्हा ऑन."

पुन्हा घूं. पपांची बोटं पाइपवर घट्ट झाली.

तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. पाइप सोडला, हात फडक्याला पुसला, पुसतच राहिले. दिशा उतरून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पंप चालू आहे," ते म्हणाले.

तिने मान हलवली.

"तुला ऐकू येत होता?"

"हो."

"काल पण?"

"काल पण."

"मग सांगितलं का नाहीस, बाय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. लहान मुलासारखी तक्रार होती.

"सांगितलं होतं, पपा," ती म्हणाली. "तीनदा सांगितलं."

पपांनी ते तिच्या ओठांवर वाचलं. मग ते मागे सरकत जाऊन कठड्यावर बसले, मागच्या सीटच्या शेजारी. दिशाही बसली. कोंबड्या पायांत येऊन टोचा मारून गेल्या.

"तू बोलतेस म्हणजे," ते म्हणाले. "मला वाटायचं, तू बोलतच नाहीस माझ्याशी. ओठ हलताना दिसायचे. मला वाटायचं पोरगी स्वतःशीच पुटपुटते, किंवा काहीतरी जपबिप करते. इनेझ होती तेव्हा कळलंच नाही मला माझं किती गेलंय. कोणी काही बोललं की ती माझ्या कोपराला हात लावायची आणि मोठ्याने परत सांगायची. सगळ्यांना वाटायचं, बाईचा स्वभावच तसा. ती गेली आणि घर एकदम बंदच झालं."

"आणि मला वाटायचं," दिशा नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली. मग ती त्यांच्याकडे वळली आणि जवळजवळ ओरडूनच म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला मी आवडत नाही!"

शेजारच्या वाडीत जॅक्सनचा कुत्रा भुंकायला लागला.

पपांना हे मात्र सगळं ऐकू आलं. "अगं," ते म्हणाले, "मी रायनला दर महिन्याला लिहितो, ती इथे एकटी पडते, तिला फ्लॅट घेऊन दे स्टेशनजवळ. मला वाटायचं तुला माझ्याबरोबर राहायचं नाही. सोडून जाशील एक दिवस, आणि गेलीस तर ते बरोबरच."

फ्लॅटचं रायन एकदोनदा बोलला होता. सासऱ्यांना आपण घरात नको आहोत म्हणून तो विषय निघतो, असं दिशाने मानलं होतं. ती आता हसायला लागली आणि डोळेही पुसायला लागली. पपांनी आपलं ग्रीसचं फडकं पुढे केलं, मग त्याकडे बघून मागे घेतलं.

"गाडी का उभी केली होती, तेही सांगतो," ते म्हणाले. "बिघडली नव्हती. मार्चमध्ये सातिवलीला वळताना मागून टेम्पो आला. तो हॉर्न मारत होता म्हणे, केव्हापासून. मला आलाच नाही ऐकू. चाटून गेला. तिथून घरी आलो आणि ताडपत्री टाकली. कुणाला सांगितलं नाही. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असतो, तेव्हा हळूच जाऊन व्याह्यांना आणू, असं म्हटलं होतं."

"तसं नाही करायचं," दिशा म्हणाली. "मी चालवते. माझ्याकडे लायसन आहे."

"कधी चालवलीस?"

"टेस्टच्या दिवशी."

पपांनी तिच्याकडे नीट बघितलं, बहुधा नीट वाचलं की नाही याची खात्री करायला. मग म्हणाले, "आधी सुरू तर होऊ दे."

आता त्यांना घाई झाली. पंप ठीक तर पुढे बघायचं. आतून त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर आणला, त्याची मूठ दिशाच्या कानाला लावली आणि टोक इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या एका छोट्या नळीवर टेकवलं. "मी सेल्फ मारतो. आत घड्याळासारखी टिकटिक येते का सांग. चार आहेत, चारही बघ." ते आत बसले, इंजिन गरगरलं, आणि दिशाच्या कानात, लाकडी मुठीतून, खरोखरच बारीक टिकटिक वाजू लागली. तिने हात वर करून खूण केली. दुसरी, तिसरी, चौथी. चारही वाजत होत्या.

"म्हणजे पेट्रोल आहे, ठिणगी नाही," पपा उतरत म्हणाले. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. डोळे मिटले आणि वायरीच्या जुडग्यात बोटं घातली, जपमाळेचे मणी सरकवावेत तशी एकेक वायर चिमटीतून पुढे नेत. ठिणगी देणाऱ्या कॉइलकडे जाणाऱ्या वायरीवरचं काळं आवरण एका जागी खरखरीत लागलं. त्यांनी ते मागे सारलं. आत तांब्याचे दोन तंतू उघडे, मध्ये काहीच नाही. कडेला बारीक दातांच्या खुणा, आणि खाली बॅटरीच्या खोबणीत चिकूच्या अर्धवट कुरतडलेल्या बियांचा ढीग.

"खार," पपा म्हणाले आणि वर झाडाकडे बघून आपल्या बोलीत खारीला एक शिवी दिली, जी दिशाला बरोबर कळली.

वायर सोलायला, नवा तुकडा जोडायला, टेप गुंडाळायला अर्धा तास गेला. टेपचं टोक धरायचं काम दिशाकडे होतं. मग ती चावीशी बसली. पपांनी बॉनेट बंद करून दोन्ही तळवे त्यावर ठेवले.

पहिल्या सेल्फला इंजिन ठसकलं. दुसऱ्याला लागलं. एक मोठी थरथर गाडीच्या अंगातून गेली आणि ती पपांच्या हातांतून खांद्यापर्यंत चढताना दिशाला दिसली. ते मान डोलवत होते.

"कशी वाजते?" त्यांनी विचारलं. "एकसारखी, की मध्येच अडखळते?"

दिशाने कान दिला. तिला इंजिनाची काही माहिती नव्हती. "एकसारखी आहे," ती मोठ्याने म्हणाली. "फक्त उजवीकडे कुठेतरी चिर्र चिर्र करतंय."

"पट्टा," पपा लगेच म्हणाले. "सुकलाय. उद्या बघतो."

अल्पेशला मेसेज गेला की पंप नको, पट्टा आण, आणि दिशाने आईला फोन केला की रविवारी आम्ही तुम्हाला न्यायला येतो. मागची सीट दोघांनी मिळून परत जागेवर बसवली.

शनिवारी दोघं किनाऱ्याच्या रस्त्यावर गेले. सुरूच्या झाडांमधून दिशाने गाडी तेरा वेळा बंद पाडली, हे पपांनी मोजून सांगितलं. क्लच कधी सोडायचा हे ते कानाने सांगू शकत नव्हते, म्हणून त्यांनी तिला तळपायाने ओळखायला शिकवलं. जमिनीतून गाडी किंचित वर उचलल्यासारखी वाटली की सोड. चौदाव्या खेपेला तिला ते कळलं.

रविवारी सकाळी सहाला दिशा गाडी चालवत नालासोपाऱ्याला गेली. शेजारी पपा, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात मांडीवर. मागून हॉर्न आला की दिशा बोट वर करायची आणि ते मान वळवून कोण आहे ते बघायचे. पुलावर एकदा गाडी बंद पडली. मागची रिक्षा बोंबलली. पपांनी काहीच ऐकलं नाही आणि शांतपणे म्हणाले, "घाई नाही." दिशाचाही जीव त्यामुळे शांत झाला.

गल्लीच्या तोंडाशी जयवंतराव काठी घेऊन उभे होते, आई साडीचा पदर सावरत. मुलगी गाडी चालवत येते आहे हे बघून आईने तोंडावर हात ठेवला. पपा उतरले, मागचं दार उघडून धरलं आणि कुणी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "जयवंतराव, एक सांगतो. मला ऐकू येत नाही. तुम्ही काही बोललात आणि मी गप्प राहिलो तर राग धरू नका. उजव्या बाजूने बोला, जरा जोरात."

जयवंतराव गडबडले. त्यांनी वाकून, पपांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन, सगळी गल्ली जागी होईल असं म्हटलं, "नमस्कार!"

मिस्सा झाली. फादरांनी वेदीवरून इनेझचं नाव घेतलं तेव्हा दिशाने पपांच्या कोपराला हात लावला. त्यांनी मान खाली घातली. नंतर कबरीवर मेणबत्त्या लावल्या, घरी जेवणं झाली, जॅक्सनही आला आणि तो व जयवंतराव मिळून असं काही मोठ्याने बोलले की आईचं दुपारभर डोकं दुखलं. पुढच्या बुधवारची कानाच्या डॉक्टरांची वेळ दिशाने सगळ्यांसमोर सांगितली आणि पपांनी सगळ्यांसमोर हो म्हटलं. रायनला तिने अजून कळवलं नव्हतं. ते पपांनीच लिहायचं ठरलं होतं.

तिन्हीसांजेला आईबाबांना पोचवून दोघं परत आले. दिशाने दोन कप चहा केला आणि ओट्यावर आणला. पपांनी खुर्ची सरकवून उजेडाकडे तोंड केलं, तिचा चेहरा दिसेल असं.

"दोन वर्षांत तू मला काय काय सांगितलंस," ते म्हणाले, "ते सगळं गेलं माझं. आठवतं का तुला काही? सांग."

"सगळं?"

"जमेल तेवढं."

दिशाने विचार केला. "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, चहात साखर किती घालू?"

"मग?"

"तुम्ही काही बोलला नाहीत. मग मी दोन चमचे घातली."

पपांनी कपाकडे बघितलं. "मला चालतच नाही साखर," ते म्हणाले. "इनेझ कधी घालायची नाही. मला वाटलं तुमच्याकडे असाच पितात, पोरीला काय बोलायचं."

"दोन वर्षं प्यायलात?"

"सवय झाली आता," पपा म्हणाले, आणि एक घोट घेऊन तिच्या ओठांकडे बघत बसले. "पुढे सांग. दुसऱ्या दिवशी काय विचारलंस?"